शेकोटीपाशी कोणता स्वेटर?

डहाणू म्हटले की चिकूच्या वाड्या आणि समुद्र आठवतो. थंडी आठवत नाही. किनाऱ्यावर ती बेताचीच असते. पण आत, तलासरीकडच्या पाड्यांवर पौषातली पहाट चांगलीच बोचते. दुपारी घाम, पहाटे हुडहुडी आणि अंगणभर दव!

नोव्हेंबर २०१८ पासून या भागात भूकंपाचे धक्के बसू लागले. १ फेब्रुवारी २०१९ चा धक्का ४.१ तीव्रतेचा होता. धुंदलवाडी परिसरातली कुटुंबे भीतीने घराबाहेर, तंबूत झोपू लागली. त्या थंडीत उबदार कपडा ही चैन राहिली नव्हती.

मग शुद्ध लोकर बरी की मिश्र? लोकरीचे तंतू कुरळे असतात. त्यांत हवा कोंडून राहते, तीच आपली ऊब. स्वतःच्या वजनाच्या सुमारे ३० टक्के बाष्प शोषूनही लोकर ओली लागत नाही. दवाच्या रात्री हा मोठाच गुण. मात्र ती महाग, गरम पाण्यात आटणारी आणि कसर लागणारी. ॲक्रिलिक किंवा पॉलिएस्टर मिसळलेला स्वेटर स्वस्त पडतो, धुवायला सोपा आणि लवकर वाळतो. रोज मळवून आणणाऱ्या शाळकरी मुलाला तोच सोयीचा.

पण पाड्यावरची थंडी शेकोटीपाशी काढली जाते, आणि हिशेब इथेच बदलतो. लोकर सहजासहजी पेट घेत नाही. ठिणगी पडली तर बहुधा तेवढीच जागा करपते. कृत्रिम धागा मात्र वितळून कातडीला चिकटतो. मिश्रणात तो जास्त असेल तर धोकाही तसाच. म्हणून विस्तवाजवळ वरून लोकरीची शाल किंवा घोंगडी असावी आणि ॲक्रिलिकचा स्वेटर घातलेल्या मुलाला जरा मागे बसवावे.

बाजारात विणकामाच्या ॲक्रिलिकलाही आपण ‘लोकर’च म्हणतो, त्यामुळे फसगत होते. लेबल नसेल तर कपड्याचा एक सुटा धागा चिमट्यात धरून जाळून पाहावा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांनी चुरली तर लोकर. टोकाला कडक मणी झाला तर कृत्रिम.

दर हिवाळ्यात आपल्यापैकी अनेकजण पाड्यांसाठी जुने स्वेटर गोळा करतात. यंदा गाठोडे बांधण्यापूर्वी एवढी पारख करू या. लोकरीचे कपडे वेगळे बांधून, ते शेकोटीपाशी बसणाऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना आणि लेकरांना आधी द्यावेत, असे आवर्जून सांगू या.