मिठाच्या पाण्यात साखर कशासाठी?

जुलाब होणाऱ्या मुलाला साखर-मीठ-पाणी द्यावे, हे आपण वर्गात दरवर्षी सांगतो. उकळून गार केलेले एक लिटर पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. कृती फळ्यावर लिहिली की धडा संपतो. मग एखादी विद्यार्थिनी विचारते, "पाणी आणि मीठ शरीरातून गेले, म्हणून ते द्यायचे. पण साखर कशाला?" 'शक्ती यावी म्हणून' असे उत्तर आम्हीही एकेकाळी दिले आहे. ते अगदीच खोटे नाही. पण खरे कारण पेशीपटलात दडलेले आहे.

पेशीपटलाची जाडी जेमतेम सात-आठ नॅनोमीटर. मेदरेणूंच्या या दुहेरी थरातून ऑक्सिजन, कार्बन डायऑक्साइड यांसारखे वायू विसरणाने सहज पार होतात. सोडियमच्या आयनावर विद्युतभार असतो. त्याला मेदात थारा नाही. ग्लुकोजलाही तेथून वाट मिळत नाही. अशा पदार्थांसाठी पटलात प्रथिनांची दारे असतात. पाण्यासाठीही असे खास मार्ग आहेत. ते पीटर आग्रे यांनी १९९२ च्या सुमारास ओळखले आणि २००३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र पाणी ओढून घेणारा पंप पेशीजवळ नसतो. क्षार आणि साखर जिकडे जातील, तिकडे पाणी परासरणाने जाते. म्हणजे रुग्णाच्या आतड्यातले पाणी रक्तात आणायचे, तर आधी सोडियम आत न्यायला हवे.

लहान आतड्याच्या पेशींत यासाठी एक गमतीचे दार आहे. दोन सोडियम आयन आणि ग्लुकोजचा एक रेणू असे तिघे मिळून आले तरच ते त्यांना आत सोडते. एकट्या ग्लुकोजला किंवा एकट्या सोडियमला नाही. ही जोडीने जाण्याची कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली प्राग येथे मांडली. आता पेशीत सोडियम साचत का नाही? कारण पेशीच्या रक्ताकडील बाजूला एक पंप सतत चालू असतो. तो एटीपीचा एक रेणू खर्चून तीन सोडियम बाहेर टाकतो व दोन पोटॅशियम आत घेतो. पेशीत सोडियम कमी राहते, म्हणूनच आतड्याकडून ते आत धाव घेते आणि ग्लुकोजला बरोबर ओढते.

पटकीच्या जंतूंचे विष आतड्याच्या पेशींतील क्लोराइडचे मार्ग उघडेच ठेवते. क्लोराइड आतड्याच्या पोकळीत वाहू लागते, त्यामागे सोडियम, आणि त्यामागे पाणी. मीठ शोषणारी काही दारेही विषामुळे मंदावतात. नुसते मिठाचे पाणी पाजले तर त्यातले बरेचसे जुलाबावाटे निघून जाते. पण सोडियम-ग्लुकोजच्या दाराला हे विष बंद करू शकत नाही! सारा उपचार या एका गोष्टीवर उभा आहे.

१९७१ साली बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामात पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांमध्ये पटकी पसरली. शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. डॉ. दिलीप महालनोबिस यांनी लिटरमागे २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा असे द्रावण पिंपांत तयार करून घेतले आणि ते रुग्णांना पाजण्याचे काम नातेवाइकांकडे दिले. तेथे मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्के होते. हे द्रावण मिळालेल्यांत ते ४ टक्क्यांच्या खाली आले.

घरची साखर म्हणजे सुक्रोज; आतड्यात तिचे ग्लुकोज व फ्रुक्टोज होते, म्हणून तीही चालते. मूल पीत नाही म्हणून कौतुकाने आणखी दोन-चार चमचे घालणे मात्र घातक. न शोषलेली साखर आतड्यात राहिली, तर परासरण उलट्या दिशेने होते आणि जुलाब वाढतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही २००२ साली जलसंजीवनीतील ग्लुकोज लिटरमागे २० ग्रॅमवरून १३.५ ग्रॅमवर आणले, मीठही ३.५ वरून २.६ ग्रॅम केले.

हे वर्गात दाखवता येते. बटाट्याच्या दोन सारख्या पातळ चकत्या घ्या. एक वरील कृतीच्या द्रावणात ठेवा, दुसरी चौपट साखर घातलेल्या द्रावणात. काही तासांनी मुलांना दोन्ही वाकवून पाहायला सांगा. पहिली ताठ असेल, दुसरी लुळी पडलेली.