डिकीतला सबवूफर जोखताना

सबवूफरच्या खोक्यावर ठळक छापलेला वॅटचा आकडा बहुधा क्षणिक कमाल क्षमतेचा असतो. बघायचा तो आरएमएस आकडा, म्हणजे सतत पेलवणारी शक्ती. आणि ती दुप्पट केली तरी आवाज जेमतेम ३ डेसिबलने वाढतो.

खरी मेख पेटीत आहे. बंद पेटीतली हवा स्पीकरच्या पडद्याला स्प्रिंगसारखी आवरते. ठोका नेमका, आटोपशीर येतो. पोर्ट, म्हणजे हवेसाठी उघडी नळी, असलेली पेटी ठरावीक सुराच्या आसपास जास्त दणका देते, पण त्याखाली पडद्यावरचा ताबा सुटतो. कोणत्या स्पीकरला किती लिटरची पेटी हवी, हे थील-स्मॉल मापांवरून, म्हणजे स्पीकरच्या तांत्रिक गुणधर्मांच्या आकड्यांवरून, काढता येतं. ती मापं न देणारा स्पीकर मी तरी घेणार नाही.

४० हर्ट्‌झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे साडेआठ मीटर. गाडीची केबिन त्याहून खूपच लहान, त्यामुळे तिथे खालचे सूर आपोआप उचलले जातात. म्हणून दुकानातल्या फळीवर ऐकून निवड करू नये. आपल्याच गाडीत ओळखीचं गाणं लावावं, ढोलाचा प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो का ते पाहावं. नंबरप्लेट खडखडत असेल, तर आधी तिचे स्क्रू आवळा.