अध्यापक अध्ययन समूह आणि मूल्यमापन

अध्यापक अध्ययन समूह म्हणजे महाविद्यालयातील विविध विषयांच्या अध्यापकांनी एखाद्या शैक्षणिक प्रश्नाचा ठरावीक काळ एकत्रित अभ्यास करण्यासाठी स्थापन केलेला छोटा गट होय. विद्यार्थ्यांच्या कामाचे मूल्यमापन सुसंगत व न्याय्य व्हावे, यासाठीही असे समूह उपयोगात आणले जातात.

पार्श्वभूमी

डॅनियल स्टार्च व एडवर्ड इलियट या अमेरिकी संशोधकांनी १९१२ मध्ये इंग्रजीच्या दोन उत्तरपत्रिकांच्या प्रती अनेक शाळांकडून तपासून घेतल्या. १४२ शिक्षकांनी एका उत्तरपत्रिकेला शंभरपैकी ६४ ते ९८, तर दुसरीला ५० ते ९७ गुण दिले. विद्यार्थ्याचे यश तपासनिसावर किती अवलंबून असते, हे यातून स्पष्ट झाले.

समूहपद्धतीचा आरंभ १९७९ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्याच्या मायामी विद्यापीठात, नव्या अध्यापकांसाठी झाला. मिल्टन कॉक्स यांनी तिचा विस्तार केला. समूहात साधारणतः ६ ते १५ सदस्य असतात आणि काम शैक्षणिक वर्षभर चालते.

कार्यपद्धती

सदस्य प्रथम गुणदानाचे निकष ठरवतात. त्यानंतर प्रत्येक जण तोच निबंध किंवा प्रकल्प स्वतंत्रपणे तपासतो. गुणांत मोठी तफावत आढळल्यास तिची कारणे शोधली जातात. उदाहरणार्थ, एकाने सफाईदार भाषेला महत्त्व दिलेले असते, तर दुसऱ्याने युक्तिवादाला. चर्चेनंतर निकषांची शब्दरचना सुधारून नवे नमुने तपासले जातात. लिखित निकष सर्वांना सारखेच मिळाले, तरी त्यांचा अर्थ सारखा लागेलच असे नाही. तो अशा चर्चेतून निश्चित होतो.

अमेरिकी महाविद्यालये व विद्यापीठांच्या संघटनेने २००९ मध्ये ‘व्हॅल्यू’ नावाचे निकषतक्ते प्रसिद्ध केले. अध्यापकांच्या गटांनी तयार केलेल्या या तक्त्यांत कामगिरीच्या चार पातळ्या आहेत.

नियमनाशी तुलना

महाराष्ट्रातील विद्यापीठांत केंद्रीय मूल्यमापनाच्या वेळी तपासलेल्या काही उत्तरपत्रिका नियामक पुन्हा पाहतात. त्या नियमनाचा हेतू विशिष्ट परीक्षेच्या निकालातील विसंगती दूर करणे हा असतो. अध्ययन समूहाचा भर मात्र परीक्षकाचे कौशल्य घडवण्यावर असतो.

मर्यादा

गुणांवरील एकमत म्हणजे अचूकता नव्हे. सर्वांची चूक एकच असू शकते. ज्येष्ठांच्या मताचे दडपण टाळण्यासाठी चर्चेपूर्वीच प्रत्येकाचे गुण नोंदवून घेणे उपयुक्त ठरते. समूहातील नोंदी अध्यापकांच्या कामगिरीच्या अहवालासाठी वापरल्यास मोकळी चर्चा खुंटण्याचा धोका असतो.