मेंदू व मणक्याच्या शस्त्रक्रियेतील सुऱ्या

मेंदू, मज्जारज्जू व त्यांची आवरणे यांवरील शस्त्रक्रियांत वापरल्या जाणाऱ्या बारीक, अतिशय धारदार पात्यांच्या उपकरणांना मेंदू व मणक्याच्या शस्त्रक्रियेतील सुऱ्या म्हणतात. प्रत्यक्ष मेंदूच्या ऊतीत सुरीचा वापर मर्यादित असतो. तिचे मुख्य काम आवरणे उघडणे हे आहे.

रचना
बहुतेक सुऱ्यांना पोलादी मूठ व बदलता येणारे पाते असते. १० क्रमांकाचे पाते त्वचेसाठी वापरतात. ११ क्रमांकाचे पाते त्रिकोणी व टोकदार, तर १५ क्रमांकाचे लहान व गोलसर धारेचे असते. सूक्ष्मदर्शकाखाली वापरायच्या सुऱ्यांची मूठ लांब असून अनेकदा मध्ये वाकवलेली असते. त्यामुळे शल्यचिकित्सकाचा हात दृष्टीच्या आड येत नाही.

वापर
कवटी उघडल्यावर दृढतानिका हे चिवट बाह्य आवरण दिसते. ते बारीक आकड्याने किंचित उचलून सुरीने लहानसा छेद घेतात आणि पुढे तो कात्रीने वाढवतात. आवरण न उचलता पाते टेकवल्यास खालील मेंदूस इजा होऊ शकते. त्याखालील जालतानिका कोळ्याच्या जाळ्यासारखी नाजूक असते. ती रक्तवाहिन्या व चेतातंतूंपासून सोडवण्यासाठी विळ्याच्या आकाराची सूक्ष्म सुरी वापरतात. कंबरेच्या मणक्यांतील सरकलेली चकती काढताना चकतीच्या कड्याला छेद देतात. हे पाते फार खोल गेल्यास मणक्यांपुढील मोठ्या रक्तवाहिन्यांना धोका असतो.

इतिहास
सुश्रुतसंहितेत २० प्रकारची शस्त्रे वर्णिली असून केस कापू शकेल इतकी तीक्ष्ण धार ही उत्तम शस्त्राची कसोटी मानली आहे. भारतात मेंदूशल्यचिकित्सेचा पहिला विभाग डॉ. जेकब चँडी यांनी १९४९ मध्ये वेल्लोर येथे सुरू केला. १९६० च्या दशकात झुरिकचे गाझी यासरगिल यांनी सूक्ष्मदर्शकाधारित शस्त्रक्रिया रूढ केल्यावर सूक्ष्म सुऱ्यांचे महत्त्व वाढले.

गॅमा नाइफ
गॅमा नाइफ या नावात सुरी असली, तरी त्यात पाते नसते. स्वीडनचे लार्स लेक्सेल यांनी विकसित केलेल्या या उपकरणात कोबाल्ट-६० पासून निघणारे अनेक किरण एका बिंदूवर एकवटतात. १९९७ मध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात हे उपचार सुरू झाले.

वऱ्हाडातील संदर्भ
अकोल्यात २००२ मध्ये, तर अमरावतीत २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. अमरावतीहून नागपूर सुमारे १५० किलोमीटर, तर अकोल्याहून सुमारे २५० किलोमीटर आहे. डोक्याला मार लागल्यावर कवटी व दृढतानिका यांच्यामध्ये रक्त साचू शकते. असा रुग्ण काही वेळ शुद्धीवर राहून नंतर एकाएकी बेशुद्ध पडू शकतो. ते रक्त वेळेत काढणे निर्णायक ठरते, म्हणून सुरीच्या धारेइतकेच शस्त्रक्रियागृह रुग्णापासून किती अंतरावर आहे, यालाही महत्त्व आहे.