चौकटीभोवतीची भेग आणि पुट्टीची पुडी

दिवाळीच्या साफसफाईला हात लागला की दाराच्या चौकटीशेजारची भेग एकदम डोळ्यांत भरते. मग हार्डवेअरच्या दुकानातून पुट्टीची पुडी येते, भेग बुजते, वरून रंगाचा हात फिरतो. उन्हाळ्यात भेग पुन्हा जिथल्या तिथे हजर. दोष पुट्टीच्या कंपनीला दिला जातो. बहुतेक वेळा तिचा काही संबंध नसतो.

‘फट दिसली की भरायची’ हा यातला सगळ्यात पक्का बसलेला गैरसमज. चौकटीच्या कडेने सरळ उभी उतरणारी बारीक रेघ म्हणजे लाकूड आणि गिलावा यांची हद्द. लाकूड पावसाळ्यात ओल धरून फुगतं आणि मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत आक्रसतं. हे फुगणं-आक्रसणं लांबीत नगण्य, रुंदीत मात्र कितीतरी जास्त असतं. गिलावा त्याच्याबरोबर हलत नाही. त्यामुळे ही रेघ पुट्टीने कायमची जोडता येणार नाही. जाणता गवंडी तिथे मुद्दाम खाच सोडतो, किंवा सुतार सांध्यावर लाकडी पट्टी मारतो. हल्ली तिला मोल्डिंग म्हणतात आणि खर्च कमी करताना पहिली तीच कापतात, कारण ती शोभेची वाटते. पट्टी नकोच असेल तर रंग बसेल असं अ‍ॅक्रिलिक सीलंट भरावं, ते थोडं ताणलं जातं. साध्या सिलिकॉनवर रंग धरत नाही. आणि भिंतीची पुट्टी असते एक-दीड मिलिमीटरच्या थरासाठी. बोटभर खड्ड्यात कोंबली तर ती सुकताना स्वतःच तडकते.

त्याआधी एक गोष्ट तपासायला हवी. सांध्यावर बोटं ठेवा आणि कोणाला तरी दार नेहमीसारखं लावायला सांगा. चौकट हलल्याचं बोटांना जाणवलं, तर तिला भिंतीत धरून ठेवणारे लोखंडी होल्डफास्ट सैल झाले आहेत. आधी चौकट पक्की करायची, मग गिलावा. हा क्रम उलटा झाला की मिस्त्रीची मजुरी दोनदा जाते. चौकटीजवळ मातीच्या बारीक नळ्या दिसल्या किंवा लाकूड ठोकून बद्द वाजलं, तर वाळवीचा बंदोबस्त सगळ्यांत आधी.

दाराच्या वरच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली भेग पाहून ‘बिल्डिंग खचतेय’ म्हणून घाबरणारेही असतात. भिंतीत जिथे उघडं सोडलेलं असतं तिथल्या कोपऱ्यांत ताण एकवटतो, त्यामुळे तिथे केसाएवढी रेघ येणं नवलाचं नाही. दारावरचं आडवं लिंटेल दोन्ही बाजूंच्या भिंतीवर पुरेसं टेकलेलं नसलं तरीही ती येते; साधारण १५० मिलिमीटर टेकू असावा लागतो. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून शेजारी तारीख लिहून ठेवा. ती लांबत-रुंदावत गेली, भिंतीच्या पलीकडेही दिसली किंवा दार घासायला लागलं, तर रंगाऱ्याला राहू द्या आणि स्ट्रक्चरल इंजिनियरला बोलवा.

आता पीओपी. ‘झटपट वाळतं, म्हणून कुठेही चालतं’ यातला पहिला भाग खरा आहे. जिप्सम सुमारे १५० अंश सेल्सिअसला तापवून त्यातलं बरंचसं पाणी काढून टाकलं की ही भुकटी मिळते; पाणी घातलं की काही मिनिटांत पुन्हा जिप्सम होऊन घट्ट होते. घट्ट होताना ती आक्रसत नाही, उलट किंचित फुगते. कोरड्या खोलीतल्या भिंतीला यापेक्षा सोपं काही नाही. पण जिप्सम पाण्यात थोडं विरघळतं, लिटरमागे सुमारे दोन ग्रॅम. म्हणून बाथरूमच्या चौकटीखाली लावलेलं पीओपी मऊ पडून पोपडे धरतं. तिथे सिमेंटचाच गिलावा हवा, आणि ओल बाथरूममधून झिरपत असेल तर आधी ती गळती बंद करायला हवी. दुसरी गोष्ट, सिमेंट क्षारधर्मी असल्यामुळे आतल्या लोखंडाला गंजापासून जपतं. जिप्सम ते करत नाही, त्यामुळे ओलसर जागी होल्डफास्टभोवती पीओपी भरणं म्हणजे गंजाला आमंत्रण. आणि जिप्समवर सिमेंट कधी थापू नये. ओल मिळाली की दोघांच्या संयोगातून फुगणारा क्षार तयार होतो आणि वरचा थर सुटतो. वाळलेल्या सिमेंटवर जिप्सम मात्र खुशाल चालतं.

सिमेंट जास्त म्हणजे काम पक्कं, हे तर घराघरांत ऐकू येतं. प्रत्यक्षात सिमेंट वाढलं की गिलावा जास्त आक्रसतो आणि जास्त भेगाळतो. आतल्या भिंतीला एकास चार ते सहा वाळू पुरते. पोकळ वाजणारा भाग घट्ट गिलावा लागेपर्यंत काढावा, कडा टाचून ओल्या कराव्यात, खोल खड्डा दोन थरांत भरावा आणि आठवडाभर पाणी मारावं. पीओपीला पाणी मारायचं नसतं. कित्येक ठिकाणी सवयीने मारलं जातं.

जुन्या वाड्यात किंवा कोकणातल्या चिऱ्याच्या घरात हिशेब वेगळा. चुन्याच्या गिलाव्यातून भिंतीतली ओल बाहेर पडत असते. त्यात सिमेंटचं ठिगळ लावलं की ओल तिथे कोंडते, आणि ठिगळ शाबूत राहून शेजारचा चुना झडतो. तिथे चुनाच वापरावा. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश कडक होतो, त्याला वेळ द्यावा लागतो.

शेवटचं काम घासण्याचं. घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त नसावं हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. चौकटीवर त्याआधीचा ऑइलपेंट असेल तर तो कोरडा घासू नये. वॉटर पेपर ओला करून घासावा, लहान मुलांना आणि गरोदर बाईला तोवर दूर ठेवावं, आणि खाली पडलेला चिखल झाडूने उडवण्याऐवजी ओल्या फडक्याने टिपून घ्यावा.