ऑइल फिल्टर घेताना आत बघा!

मंडळी, बाहेरून सगळे डबे सारखेच, फरक पत्रा कापल्यावर दिसतो. कागदाच्या घड्या दाट आणि एकसारख्या अंतरावर हव्यात. कागदाचा जोड सुटला की तेल न गाळताच पुढे जातं. चिखला, डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणींकडे धुळीत फिरणाऱ्या गाड्यांना हे परवडणारं नाही.

माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे आतला रबरी पडदा, अँटी-ड्रेनबॅक व्हॉल्व्ह. इंजिन बंद असताना तो फिल्टरमधलं तेल धरून ठेवतो. तेल 100 अंशांच्या आसपास तापतं. त्यात नायट्राइल रबर हळूहळू कडक होतं, सिलिकॉन जास्त काळ लवचिक राहतं. सिलिकॉनचाच घ्या.

जुना फिल्टर मेकॅनिककडून मागून घ्या आणि आत काय आहे ते बघायला कटरने कापा. करवतीने नको, तिचा कीस आत पडतो आणि इंजिनाच्या झिजेच्या कणांसारखाच दिसतो.