जिजाऊंचं लग्न ‘विथ’ नाही झालं!

सिंदखेडराजाच्या जिजाऊंवर इंग्रजीत चार ओळी लिहायला सांगा, ‘जिजाऊ मॅरीड विथ शहाजीराजे’ हमखास सापडेल. पोरांना बोल लावू नका, हा आपल्या मराठीतल्या ‘शी’चा प्रताप. राजांशी लग्न झालं, म्हणून ‘विथ’ आपसूक येऊन बसतं. इंग्रजीत ‘मॅरीड शहाजीराजे’ किंवा ‘वॉज मॅरीड टू शहाजीराजे’.

‘बद्दल’ही असाच घुसतो. जून २०२० मध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं, त्यावर बोलायचं तर ‘डिस्कस लोणार लेक’ एवढंच पुरे. ‘अबाउट’ची फारच हौस असेल तर ‘टॉक’ घ्या.

कधी उलटंही होतं. मराठीत आपण कीर्तन नुसतं ऐकतो, इंग्रजीत ‘लिसन’ला ‘टू’ लागतोच. ‘एक्स्प्लेन मी’ तर सर्रास. हवं ‘एक्स्प्लेन इट टू मी’.

शेगावला पोचलात? ‘रीच्ड शेगाव’, मधे काही नको. ‘अराइव्ह’ वापरलंत तर गावासाठी ‘इन शेगाव’, स्टेशनासाठी ‘ॲट शेगाव स्टेशन’.

सगळ्यात फसवी जोडी मात्र ‘कन्सिस्ट’ आणि ‘कम्प्राइज’. आपल्या जिल्ह्यात १३ तालुके. ‘बुलडाणा डिस्ट्रिक्ट कन्सिस्ट्स ऑफ थर्टीन तालुकाज’ बरोबर, पण ‘कम्प्राइजेस थर्टीन तालुकाज’ लिहिताना ‘ऑफ’ गाळायचा. ‘इज कम्प्राइज्ड ऑफ’ हल्ली बरेच जण चालवून घेतात. मला खटकतं. परीक्षेत तरी टाळाच.